कांद्यात गेलेली केळी

शिरपूरच्या एका कापूस-शास्त्रज्ञाची बायको एकदा मला बघायला जळगावला आली होती. बघायला म्हणजे खरोखरच बघायला. तिच्या नवऱ्याच्या नावानं दर आठवड्याला जळगावहून एक गुलाबी चिठ्ठी येते, खाली बाईची सही असते आणि नवरा ती वाचून घडी करून खिशात ठेवतो, एवढं तिला धुण्याच्या कपड्यांवरून कळलं होतं. ती ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली तेव्हा माझ्या बाह्यांना धूळ होती आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी तिला तिच्या नवऱ्याची त्या आठवड्याची चिठ्ठीच वाचायला दिली. बोंडअळीवरच्या लेखांची नावं होती. तिनं ती उलटून पाहिली, मला एकदा नीट पाहिलं, चहा घेतला आणि समाधानानं परत गेली. जरा जास्तच समाधानानं गेली, असं मला आजही वाटतं.

चिठ्ठ्या गुलाबी होत्या, कारण सायक्लोस्टाइलसाठी भांडारातून जो कागद मिळाला तो गुलाबी होता. दुसरं काही नाही.

मी जळगावच्या एका शेती संशोधन केंद्रात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, बाई पुस्तकं देते-घेते आणि उरलेल्या वेळात स्वेटर विणते. पुस्तकांचं काम आमच्याकडे थोडंच. शास्त्रज्ञाचं पोट पुस्तकावर भरत नाही. पुस्तक छापून येईपर्यंत त्यातली गोष्ट शिळी झालेली असते. ताजी गोष्ट असते नियतकालिकात, म्हणजे ज्याला हे लोक जर्नल म्हणतात त्यात. आणि जर्नलं ढिगानं निघतात. ऐंशीच्या दशकात परदेशी अंक बोटीनं येत, कधी पावसाळ्यात हिवाळ्याचा, कधी दोन एकदम, कधी मधला गहाळ. तो अंक आला हे ज्याला हवं त्याला कळायचं कसं? धुळ्याचा, शिरपूरचा, भडगावचा माणूस काही दर आठवड्याला एस.टी.नं जळगावला येऊन रॅक चाळणार नाही. शेजारच्या खोलीतलासुद्धा येत नव्हता, ते सोडा.

म्हणून मी चिठ्ठ्या सुरू केल्या. प्रत्येक वाचकाचं एक कार्ड. कार्डावर त्याचं नाव, पत्ता आणि त्याचे शब्द: कुठलं पीक, कुठला रोग, कुठली कीड. नवा अंक आला की मी अनुक्रमणिका घेऊन बसायची, लेखांची नावं वाचायची, ज्याचा शब्द दिसेल त्याच्या चिठ्ठीवर ते नाव चढवायची. चिठ्ठी पोस्टानं जायची. वाचकानं हव्या त्या लेखावर खूण करून ती परत पाठवायची, मग मी लेखाची प्रत काढून द्यायची. आमच्याकडे नसला तर पुण्याहून मागवायची. एवढंच काम. सांगायला सोपं आणि करायलाही सोपं, फक्त एकही आठवडा चुकवायचा नाही.

अवघड होतं ते शब्द काढून घेणं. ज्यांनी उभं आयुष्य एका पिकात घातलं त्यांनाही आपल्याला काय हवंय ते सांगता येत नसे. एक जण म्हणाले, चांगलं असेल ते सगळं पाठवा. एक जण प्रत्येक लेखावर खूण करून चिठ्ठी परत करायचे, जेवणावळीत बसल्यासारखे. धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी शब्दांच्या जागी फक्त एका माणसाचं नाव लिहून दिलं. मी विचारलं, हे कोण? म्हणाले, आम्ही बरोबर शिकलो. त्यानं कुठं काही छापलं की मला कळवत चला. मी वर्षानुवर्षं कळवत राहिले. त्या दुसऱ्या गृहस्थांचं काहीही छापून आलं नाही की आमच्या प्राध्यापकांना तो आठवडा बरा जायचा.

माझे सगळ्यात चोख वाचक म्हणजे धुळ्याचे नाना. नाना कांद्याचे शास्त्रज्ञ. निवृत्तीला आलेले, धोतर सोडून पँट घातली तरी चाल धोतराचीच राहिलेले. त्यांच्या कार्डावर एकच शब्द होता: कांदा. मी म्हटलं, नाना, जरा फोड करा. बियाणं, साठवण, करपा. म्हणाले, अक्का, कांदा सोलत गेलं तर हाती काय राहतं? अख्खाच लिहा.

आता मुख्य गोष्ट. ती सुनंदाची आहे.

सुनंदा बैसाणे आमच्या केंद्रात केळीवर काम करायची. भडगावची, वडील तिथं शाळेत शिक्षक. मेहरूणला माझ्या घराच्या मागच्या गल्लीत राहायची, त्यामुळे चौदा एप्रिलला मी तिच्याकडे जेवायला आणि संक्रांतीला ती माझ्याकडे, असं चालायचं. तिची जागा तात्पुरती होती. पीएच.डी. झाली तर कायम होणार होती. नोंदणीची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती; तोवर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी गेली की जागाही गेली. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि तिच्या खोलीच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

तिचा विषय कांदेबागेवरच्या थंडीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे नुसतं 'बाग' म्हटलं की ती केळीचीच. पावसाच्या तोंडाशी लावली तर मृगबाग. पावसाळा संपता संपता, कांदा लावायच्या दिवसांत लावली तर ती कांदेबाग. कांद्याचा तिच्याशी संबंध एवढाच, दोघांचा मुहूर्त एक. या बागेला थंडी सोसत नाही. कडाका पडला की घड नीट बाहेर येत नाही, पोग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकतो आणि शेतकऱ्याचं वर्ष त्याच्याबरोबर अडकतं. पहाटे बागेत काडीकचऱ्याचा धूर केला तर थंडीचा मार किती टळतो, हे सुनंदानं मोजलं होतं. आकडे चांगले आले होते. तिचे मार्गदर्शक चौधरी सर आल्या-गेल्याला सांगत, की या विषयावरचं हे पहिलंच काम. प्रबंधाच्या पहिल्या पानावरही तसंच टाइप झालेलं होतं.

तिच्या कार्डावरचे शब्द मी रोज पाहत होते. केळी, थंडी, धूर. या तिन्हींवर मिळून मी तिला जे काही पाठवलं त्यात खानदेशाचं काहीच नव्हतं. मला ते विचित्र वाटायचं. एवढा केळीचा मुलूख, एवढी थंडी, आणि आधी कुणालाच हे सुचलं नसेल? पण दिसत नाही ते पाठवणार कसं?

जर्नलांखेरीज आमच्याकडे सारांशांचे जाडजूड अंक येत. जगभरच्या लेखांचे चार-चार ओळींचे सारांश, इंग्रजीत, पीकवार लावलेले. गहू गव्हात, केळी केळीत. छोट्या-मोठ्या स्मरणिकांतले, देशी भाषांतले लेखही त्यात असत, दोन-चार वर्षं उशिरा का होईना. त्या अंकात मी फक्त शीर्षकं वाचायची. सारांश वाचत बसले असते तर चिठ्ठ्या पुढच्या दिवाळीला गेल्या असत्या. एका अंकात कांद्याच्या विभागात एक शीर्षक दिसलं: खानदेशातील कांद्याच्या मळ्यांवर थंडीचा परिणाम. मूळ लेख मराठी, एका शेतकरी मंडळाच्या स्मरणिकेतला. लेखकाचा पत्ता शिरपूरचा. कांदा दिसला, कांद्याच्या माणसाला पाठवला. त्यात माझी काही चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नानांनी खूण करून चिठ्ठी परत केली, मी सारांशाची प्रत पाठवली, आणि पुढच्या आठवड्यात नाना स्वतःच आले. एरवी ते बैठकीपुरते यायचे. आज बैठक नव्हती. टेबलासमोरची खुर्ची ओढली, खिशातून प्रत काढली, माझ्यासमोर सपाट केली आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून अहिराणीत सुरू केलं. नाना इंग्रजीत भांडायचे, मराठीत शिकवायचे आणि मजेत असले की अहिराणीत यायचे.

"अक्का, कांदाले घड उना, तेबी मी मानी लिसू. पन त्या घडले कंगवा कसाले?"

मी प्रत ओढून वाचली. थंडीत घडांचं वजन घटलं. घडातल्या कंगव्यांची संख्या कमी झाली. पहाटे धूर केल्यास नुकसान टळलं. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांची सासुरवाडी रावेरची, म्हणजे ऐन केळीतली. मला आधी कळेल की त्यांना सांगावं लागेल एवढीच त्यांची उत्सुकता होती.

"फण्या," मी म्हटलं.

"फण्या," नाना म्हणाले. "कुठल्या तरी शहाण्या मराठी माणसानं इंग्रजी केलंय. बाग म्हणजे मळा, कांदे म्हणजे कांदे, फणी म्हणजे कंगवा. शब्द एकही चुकला नाही त्याचा. फक्त केळी तेवढी राहिली."

लेख लिहिणाराही आमच्याच मुलखातला. अख्ख्या सारांशात 'केळी' हा शब्द नव्हता, म्हणजे मुळात त्यानंही तो लिहिला नव्हता. त्याला गरजच वाटली नसणार. कांदेबाग म्हटल्यावर आणखी केळी काय सांगायची?

नाना हसत हसत निघून गेले. मला हसू येईना. थंडी, कांदेबाग, पहाटेचा धूर. सुनंदाचा प्रबंध बांधणीला जायचा होता, आणि त्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की असं काम कुणी केलेलं नाही.

मी प्रत घेऊन तिच्या खोलीत गेले. चौधरी सर तिथंच होते. सुनंदानं ती वाचली आणि खाली ठेवली. सरांनी वाचली आणि दार लावून घेतलं. सर वाईट माणूस नव्हते हे इथं सांगायला हवं. सुनंदाच्या जागेसाठी त्यांनी वर किती वेळा शब्द टाकला होता हे मला ठाऊक होतं. त्यांनी सरळ हिशेब मांडला. परीक्षक दक्षिणेतले आहेत, केळीत जन्म गेलेला माणूस, ते केळीचं सगळं चाळणार. कांद्याचं कशाला चाळतील? आता हा लेख मागवायचा, वाचायचा, प्रबंध बदलायचा, पुन्हा टाइप करायचा म्हणजे मुदत हातची जाईल. आणि इतकं करून निघणार काय, तर आपण दुसरे आहोत.

"मॅडम," ते मला म्हणाले, "कांद्यात गेलंय ना, कांद्यातच राहू द्या."

ग्रंथालय समितीचे अध्यक्षही तेच होते. माझा कागद, माझा शाईचा डबा, माझी पोस्टाची तिकिटं त्यांच्या सहीनं यायची. मी म्हटलं, सर, आता ते माझ्या हातात नाही. वाचकाच्या हातात पडलं की ते वाचकाचं.

सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं मला विचारलं, "अक्का, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

"मी प्रबंध लिहीत नाही," मी म्हटलं. "लेख मागवायचा की नाही, तेवढं सांग."

हे जरा कोरडं झालं, मान्य आहे. पण कुणाच्या तरी सल्ल्यावर घेतलेला निर्णय पुढे त्या माणसाच्या डोक्यावर ठेवायची सोय होते, आणि ही सोय मला तिला द्यायची नव्हती. सरांनी घड्याळ पाहिलं.

"मागवा," ती म्हणाली.

स्मरणिका पुण्याला नव्हती. दिल्लीला असली तरी यायला पावसाळा उजाडला असता. लेखकाला कार्ड टाकून लेखाची छापील प्रत मागायची, अशी त्या काळी पद्धत होती. जगभर शास्त्रज्ञ एकमेकांना अशी कार्डं टाकत. पण पत्ता शिरपूरचा आणि मुदत डोक्यावर. कार्ड टाकून वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही दोघी चोपड्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो.

लेखक महाजन आबा सरकारी फळबागेतून केव्हाच निवृत्त झालेले. ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सुनंदानं नाव सांगितलं, विषय सांगितला आणि तुमचा कांदेबागेवरचा लेख हवा आहे म्हणाली. आबांचा हात शेंगेवरच थांबला. त्यांनी घरात हाक मारून माळ्यावरचा गठ्ठा काढायला सांगितला. लेखाच्या छापील प्रतींचा गठ्ठा, सुतळी मारलेला. गाठ त्यांच्याच हातची, कधी न सोडलेली. लोक मागतील म्हणून त्यांनी तेव्हा हौसेनं जास्त छापून घेतल्या होत्या. एकाचंही कार्ड आलं नाही. मग त्यांना वाटलं, काम तेवढं चांगलं नसेल.

मी त्यांना सांगितलं की काम वाईट म्हणून नव्हे, तर बाहेरच्या जगात ते कांद्याखाली नोंदलं गेलं म्हणून कुणाला सापडलं नाही. सारांश दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं आता चिडतील. ते घरात तोंड करून म्हणाले, "ऐकलं का, मी कांद्याचा निघालो." आणि इतके हसले की आतून काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

हसणं ओसरल्यावर त्यांनी सुनंदाला विचारलं, तिचे हिवाळे कसे होते. तिनं तापमानाचे आकडे धडाधड सांगितले. आबा मान हलवत होते.

"तापमान नाही विचारत, पोरी. वारा होता का?"

 पहाटे बागेत शांत असायचं, धूर जमिनीलगत छान पसरून राहायचा, असं सुनंदानं आठवून सांगितलं. आबा म्हणाले, लेखातल्या वर्षी माझंही तसंच होतं. म्हणून ते छापलं. पुढच्या वर्षी पहाटेला वारा होता. धूर बागेत थांबेचना, लोकांनी काडीकचरा जाळला, जागरणं केली आणि घड अडकायचे ते अडकलेच. ते मी छापलं नाही. फसलेलं कोण छापतं?

 परतीच्या एस.टी.त चोपडा मागे पडल्यावर सुनंदा म्हणाली, "पहिलेपण गेलं, आणि अर्धं कामही गेलं."

मी म्हटलं, मुदत अजून आहे. आमच्या केंद्रातल्या हवामान नोंदीत रोजचा वारा असतो. तो काढून बघ.

तो तिनं काढला. तिचे दोन्ही हिवाळे शांत वाऱ्याचे निघाले. पुढचे दिवस तिनं प्रबंध पुन्हा लिहिण्यात घातले. पहिल्या पानावरची ती ओळ काढली. तिथं महाजनांचं काम आलं, त्यांचं छापलेलं आणि त्यांच्याच परवानगीनं न छापलेलंही. धुराचा उपाय फक्त वारा नसलेल्या पहाटेपुरता खरा आहे, असं तिनं स्पष्ट लिहिलं. चौधरी सरांनी प्रत्येक प्रकरण वाचून दिलं, सही केली. प्रबंध लहान केलास, एवढंच म्हणाले. शेवटच्या तारखेला दुपारी तो दाखल झाला. टायपिस्टला अजून माझं तोंड दिसलं की धडकी भरते.

तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. मी मागच्या रांगेत बसले. माझ्या शेजारी नाना, धुळ्याहून मुद्दाम आलेले, सोबत पिशवीभर कांदे. ते कशासाठी, विचारायचं धाडस मी केलं नाही. दक्षिणेतल्या परीक्षकांनी तासभर तिला चांगलंच पिंजलं. मग चष्मा काढून म्हणाले, की केळीवरचं छापलेलं जवळपास सगळं मी वाचतो. हे महाजनांचं काम मला कुठंच आढळलं नाही. तुम्हाला कुठं मिळालं?

चौधरी सर टेबलाकडे बघू लागले.

"अंडर ऑनियन, सर," सुनंदा म्हणाली.

परीक्षकांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिनं बाग, मळा, फणी, कंगवा सगळं इंग्रजीत उलगडून सांगितलं. सभागृह हसलं, परीक्षक हसले, थोड्या उशिरानं चौधरी सरही हसले. परीक्षकांनी महाजनांचा पत्ता लिहून घेतला. शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला तो वाऱ्याचा, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. ते उत्तर नसतं तर काय झालं असतं, ते सर मला नंतर जिन्यात स्वतःच म्हणाले. मी ते इथं लिहीत नाही. माझा शाईचा डबा त्यानंतरही वेळेवर येत राहिला.

सुनंदाची जागा कायम झाली. केंद्रानं शेतकऱ्यांसाठी पत्रक काढलं त्यात जाड अक्षरात एक ओळ आहे: वारा वाहत असल्यास धूर करू नये. यावल-रावेरकडच्या किती लोकांची जागरणं त्या ओळीनं वाचवली असतील, मोजायला कुणी बसलेलं नाही.

सारांश छापणाऱ्यांना मी चूक कळवली. आभाराचं छान पत्र आलं, दुरुस्ती पुढच्या सूचीत करू म्हणाले. मी प्रत्येक सूची पाहिली. पुन्हा लिहिलं, पुन्हा आभार आले. आबांचा लेख आजही कांद्यातच आहे. एवढी एक गोष्ट मला पुरी करता आली नाही. आबांनी मात्र त्यानंतर कार्ड टाकून कळवलं, मलाही चिठ्ठी सुरू करा. शब्द काय लिहू विचारलं तर उत्तर आलं: कांदेबाग. मी ते देवनागरीत जसंच्या तसं कार्डावर लिहिलं. त्या शब्दाखाली कधी काही येत नाही, म्हणून त्यांना मी केळीचं आणि कांद्याचं दोन्ही पाठवते.

गुलाबी कागद संपून बरीच वर्षं झाली. यंदा आमच्याकडे ई-मेल आला. परदेशी प्रकाशकांकडे आपले शब्द एकदा नोंदवून ठेवायचे; अंक निघाला की त्यातली जुळणारी शीर्षकं आपोआप ज्याच्या त्याच्या नावावर येऊन पडतात. बोट नाही, पोस्ट नाही, मी नाही. मला याचं वाईट वाटतं असं लोक धरून चालतात. मुळीच वाटत नाही. फोनची लाइन टिकली तर हे यंत्र माझं आठवड्याचं काम चहा निवायच्या आत करतं, आणि बोंडअळीवाल्याच्या बायकोला जळगावची फेरी पडत नाही. फक्त यंत्र केळी केळीला देतं आणि कांदा कांद्याला. चुकीच्या माणसाकडे गेलेली चिठ्ठी घेऊन कुणी धुळ्याहून येत नाही.

पुण्याहून आलेले संगणकाचे इंजिनियर माझ्या शेजारी बसून नावं भरून घेत होते. केळीच्या लोकांचे शब्द मी सांगितले: केळी, थंडी, रोगांची नावं. शेवटी म्हटलं, ऑनियन. त्यांनी टाइप करायचं थांबवलं आणि अदबीनं म्हणाले, मॅडम, हा चुकून आला. कांद्याचं उगाच ढीगभर येत राहील. मी म्हटलं, येऊ द्या.

"पण केळीवाल्यांनी त्या कांद्याचं करायचं काय?"

"वाचायचं," मी म्हटलं. "आणि कंगवा दिसला की मला फोन करायचा."